मानसोपचाराची बंद खोली: बोलून बरं करण्याच्या उपचारांचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय आहे मानसोपचाराच्या वेगवेगळ्या पद्धती आणि त्यांचा इतिहास. सुरुवातीलाच एक खुलासा करून ठेवू. मराठीत मानसोपचार हा शब्द आपण फार सैल वापरतो. गोळ्या देणारे मनोविकारतज्ज्ञ, चाचण्या घेणारे मानसशास्त्रज्ञ, शाळेतल्या समुपदेशक बाई, सगळ्यांच्या कामाला तो एकच शब्द चालतो. आज आपण त्यातल्या एकाच भागाबद्दल बोलणार आहोत. दोन माणसं एका खोलीत बसतात, बोलतात, आणि त्या बोलण्यातून एकाचा त्रास कमी व्हावा अशी अपेक्षा असते, तो भाग. औषधांचा इतिहास हा स्वतंत्र विषय आहे. तो आज फक्त एकाच ठिकाणी डोकावेल.

आता गंमत बघा. ताप आला म्हणून तीन डॉक्टरांकडे गेलात, तर तिघांच्या चिठ्ठीत थोडाफार फरक असेल, पण तिघंही तापाचंच बघतील. मात्र उदास वाटतं, झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन तीन उपचारकांकडे गेलात, तर एक जण तुमचं लहानपण विचारील. दुसरा म्हणेल, मनात येणारे विचार वहीत लिहून आणा. तिसरा सांगेल, उद्यापासून रोज काय काय करायचं ते आधी ठरवू. तिघंही शिकलेले आणि तिघंही प्रामाणिक. मग हे तीन रस्ते आले कुठून? आणि आपल्या घरातल्या माणसाला यातल्या कुठल्या दारात घेऊन जायचं?

या विषयावरच्या पुस्तकांत हा इतिहास साधारणपणे कुस्तीच्या फडासारखा सांगतात. आधी फ्रॉइड, मग त्याला चीत करणारे वर्तनवादी, मग आणखी कोणी. आपण जरा वेगळ्या बाजूने बघू. पद्धत कोणतीही असो, उपचार होतो तो बंद दाराआड. आत काय झालं हे दोघांनाच ठाऊक, आणि बाहेर येऊन सांगणारा बहुतेक वेळा एकच, तो म्हणजे उपचारक. आमचं म्हणणं असं, की मानसोपचारात खरी प्रगती झाली ती कुठलीतरी एक पद्धत जिंकली म्हणून झाली नाही. ती झाली या खोलीची एकेक खिडकी उघडत गेली म्हणून. त्या खिडक्या कोणी, कधी उघडल्या आणि त्या बंद होत्या तेव्हा कोणाला किंमत मोजावी लागली, हे आज पाहू.

व्हिएन्नातली एक मुलगी

साल 1880. व्हिएन्नातल्या एका सुखवस्तू ज्यू कुटुंबातली 21 वर्षांची मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतःच आजारी पडली. खोकला, हातापायांत लुळेपणा, मध्येच मातृभाषा विसरून फक्त इंग्रजीत बोलणं, असे नाना प्रकार सुरू झाले. योझेफ ब्रॉयर नावाचे नावाजलेले डॉक्टर तिच्याकडे जाऊ लागले. त्यांच्या लक्षात आलं, की एखादं लक्षण पहिल्यांदा कधी दिसलं ते तिला आठवून सांगता आलं, की ते लक्षण जातं. मधे कितीतरी दिवस ती पेल्याने पाणीच पिऊ शकत नव्हती. मग एकदा तिला आठवलं, की घरातल्या एका बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिला होता आणि किळस गिळून गप्प बसलो होतो. हे संतापाने बोलून झाल्यावर तिने पाणी मागितलं आणि ती प्यायली. या सगळ्या प्रकाराला ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिनेच दिलं. म्हणजे या विद्येचं बारसं डॉक्टरने केलेलं नाही, रुग्णाने केलेलं आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

1895 साली ब्रॉयर आणि त्यांचे तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. त्यात ही मुलगी ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने येते. वाचणाऱ्याची समजूत अशी होते, की बोलून बोलून ती बरी झाली. पुढे कित्येक दशकं हीच गोष्ट मनोविश्लेषणाची आद्यकथा म्हणून सांगितली गेली. पण 1972 साली इतिहासकार आंरी एलेनबर्गर यांनी जुनी कागदपत्रं शोधून प्रसिद्ध केली, तेव्हा कळलं की ब्रॉयरचे उपचार 1882 मध्ये थांबले त्याच उन्हाळ्यात तिला स्वित्झर्लंडमधल्या एका आरोग्यधामात दाखल करावं लागलं होतं. त्यानंतरही काही वर्षं तिचं दवाखान्यांत जाणं-येणं चालूच होतं.

तिचं खरं नाव बेर्था पापेनहाइम. ती पुढे सावरली. नुसती सावरली नाही, तर जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना तिने 1904 मध्ये उभी केली आणि निराधार मुलींसाठी आश्रम काढला. पण ती कशामुळे सावरली हे त्या पुस्तकावरून सांगता येत नाही. बंद खोलीची अडचण अशी पहिल्या रुग्णापासूनच दिसते.

म्हणून फ्रॉइडला मोडीत काढायचं का? तसं नाही. त्याच्याआधी वेडसर ठरवलेल्या माणसाचं बोलणं ही निरर्थक बडबड समजली जायची. त्या बडबडीला अर्थ आहे, जाणिवेच्या खाली नेणीव नावाचा मोठा भाग आहे, आणि नकोशी वाटलेली इच्छा आपण तिथे दाबून ठेवतो, हे फ्रॉइडने लावून धरलं. मनात येईल ते न गाळता बोलायचं, ही त्याची मुख्य रीत. रुग्ण कोचावर पडलेला, फ्रॉइड त्याच्या डोक्यामागे बसलेला, तास तास, आठवड्यातून सहा दिवस, महिनोन्‌महिने. एका माणसाचं इतकं ऐकून घेणारा धंदा जगात त्याआधी नव्हता. आणि इतका वेळ व पैसा असलेला रुग्ण कोण असणार, हेही उघड आहे.

आपल्याकडे ही विद्या आली ती कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बोस हे डॉक्टर. त्यांनी 1921 मध्ये कलकत्ता विद्यापीठाची मानसशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली आणि 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 1931 मध्ये फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला त्यांच्या संस्थेने हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट पाठवली. पण बोस नुसते भक्त नव्हते. तुमच्या युरोपीय रुग्णांत जे दिसतं ते माझ्या भारतीय रुग्णांत तसंच्या तसं दिसत नाही, असं त्यांनी फ्रॉइडला स्पष्ट कळवलं. फ्रॉइडने ते फारसं मनावर घेतलं नाही.

ससा, मांजर आणि मोजपट्टी

आता अमेरिकेकडे जाऊ. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने न्यूयॉर्कमध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलावर एक प्रयोग केला. पीटरला सशाची, पांढऱ्या उंदराची, पिसांची, अगदी कापसाचीसुद्धा भीती वाटायची. जोन्सबाईंनी त्याचं लहानपण उकरलं नाही. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवायचा. दर खेपेला थोडा जवळ आणायचा. मधूनमधून सशाला न घाबरणारी मुलं बरोबर खेळायला असायची. अखेरीस पीटर सशाशी खेळू लागला. किती फूट अंतरावर तो रडला आणि किती अंतरावर शांत राहिला, हे कोणालाही पाहता येत होतं. खोलीची पहिली खिडकी आमच्या मते ही: त्रास मोजता येईल अशा शब्दांत मांडणं.

या प्रयोगाकडे त्या काळी फारसं कोणी लक्ष दिलं नाही. तीसेक वर्षांनी दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी तोच धागा उचलला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर असताना त्यांनी युद्धाने हादरलेल्या सैनिकांवर त्या वेळचे प्रचलित उपचार करून पाहिले. औषधाच्या गुंगीत सैनिकाला आठवणी बोलायला लावायच्या, असा तो उपचार होता. गुण येईना. मग त्यांनी मांजरांवर प्रयोग केले आणि 1958 मध्ये आपली पद्धत पुस्तकातून मांडली. आधी शरीर सैल सोडायला शिकवायचं. मग भीतीची उतरंड करायची, सगळ्यात सौम्य प्रसंग तळाला, सगळ्यात भयंकर माथ्यावर. एकेक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा आणि तो शांतपणे सहन झाल्याशिवाय वरच्या पायरीवर जायचं नाही. लिफ्टची, विमानाची, कुत्र्याची भीती घालवण्यासाठी आजही उपचारक पायरीपायरीनेच जातात.

याच सुमाराला लंडनमध्ये हान्स आयसेंक यांनी एक बाँब टाकला. 1952 मधल्या एका छोट्याशा लेखात त्यांनी 7 हजारांहून अधिक रुग्णांची आकडेवारी मांडून म्हटलं, की ज्यांना मानसोपचार मिळाले नाहीत असे दोनतृतीयांश लोकही दोन वर्षांत आपोआप सुधारतात. मग उपचारांनी फायदा होतो याला पुरावा काय? आयसेंक यांची आकडेमोड बरीच वादग्रस्त होती. पुढे तर त्यांच्या कर्करोग आणि स्वभाव यांसारख्या विषयांवरच्या 26 निबंधांवर विसंबता येत नाही, असा निष्कर्ष किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीने 2019 मध्ये काढला. पण प्रश्न कोणी विचारला यावर त्याची किंमत ठरत नाही. ‘उपचार न करता काय झालं असतं?’ हा प्रश्न त्या लेखानंतर टाळता येईना.

इथे वर्तनोपचाराची काळी बाजूही सांगितली पाहिजे. वर्तन मोजता येतं आणि बदलता येतं; पण कोणतं वर्तन बदलायचं, हे कोणी ठरवायचं? ब्रिटनमध्ये 1960 च्या दशकात समलिंगी पुरुषांना ‘बरं’ करण्यासाठी पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके दिले गेले, ओकाऱ्या होण्याची औषधं दिली गेली. हे सरकारी इस्पितळांत, शास्त्राच्या नावाने झालं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे ‘उपचार’ करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं ते 2022 मध्ये, तेही मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर. म्हणजे नुसती मोजपट्टी असून भागत नाही.

खोलीत आलेलं यंत्र

दुसरी खिडकी उघडली कार्ल रॉजर्स यांनी. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपचाराच्या बैठका ग्रामोफोनसारख्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. एका तबकडीवर जेमतेम काही मिनिटं मावायची, म्हणून दोन यंत्रं आळीपाळीने चालवावी लागत. 1942 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी एका माणसाबरोबरच्या आठही बैठका, नाव बदलून, शब्दन्‌शब्द छापल्या. उपचाराची अशी संपूर्ण लेखी प्रत तोवर कोणी लोकांपुढे ठेवलेली नव्हती.

ते ऐकताना काय दिसलं असेल? आम्ही समोरच्याला बोलू देतो, असं मानणारे उपचारक प्रत्यक्षात मधेमधे बोलत होते, सुचवत होते, वळवत होते. रॉजर्सच्या विचारांना यातून धार आली. ‘रुग्ण’ हा शब्दच त्यांनी सोडला. 1957 मधल्या लेखात त्यांनी मांडलं, की माणूस बदलायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: उपचारकाने मुखवटा न घालता खरं असणं, समोरच्याचा अटी न घालता स्वीकार करणं, आणि त्याच्या जागी उभं राहून समजून घेणं. आपल्याकडच्या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत हे तीन गुण आज पहिल्याच धड्यात येतात. पण हे गुण सुविचारासारखे भिंतीवर लावण्यासाठी आलेले नाहीत. स्वतःच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या माणसांच्या ओशाळलेपणातूनही ते आलेले असावेत, असं आम्हाला वाटतं.

विचारांची झडती

तिसरी वाट अल्बर्ट एलिस आणि अ‍ॅरन बेक यांची. दोघंही मनोविश्लेषणाच्या तालमीत तयार झालेले आणि दोघांचाही त्यातून भ्रमनिरास झालेला.

एलिसचा किस्सा प्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला तो विलक्षण लाजायचा. मग त्याने स्वतःलाच कामाला लावलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायला सुरुवात करायची. शंभर जणींशी बोलला. एक भेटायला तयार झाली, तीही आलीच नाही. पण आकाश कोसळलं नाही, हे त्याला कळलं. 1955 च्या सुमारास त्याने आपली पद्धत मांडली. घटना आपल्याला दुःखी करत नाही. त्या घटनेबद्दलचा आपला हट्टी समज करतो. ‘मला यश मिळालं तर बरं’ हे ठीक आहे. ‘मला यश मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हे विष आहे. तो ‘च’ काढायचा. मराठीत हे सांगणं फार सोपं आहे, कारण आपला हट्ट खरोखरच त्या एका अक्षरात बसतो.

हा विचार मराठीत रुजला, हे आपल्या जवळचं उदाहरण आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला, ही पद्धत शिकून घेतली आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ या नावाने ती मराठी माणसांपर्यंत नेली. विवेक हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. संतांपासून सुधारकांपर्यंत तो आपल्या कानावर आहे. त्यामुळे न्यूयॉर्कची ही पद्धत आपल्याकडे परकी वाटली नाही.

बेक यांची गोष्ट शांत आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. नैराश्य म्हणजे स्वतःवर उलटलेला राग, असं मनोविश्लेषण सांगत होतं. बेक त्याच विचाराचे. हे शास्त्रीय रीतीने सिद्ध करू म्हणून त्यांनी फिलाडेल्फियामध्ये निराश रुग्णांच्या स्वप्नांचा अभ्यास केला. रागाऐवजी सापडलं काय, तर हरल्याची, गमावल्याची, नाकारलं गेल्याची चित्रं. जागेपणीही हे रुग्ण स्वतःबद्दल तसाच विचार करत होते. आपला सिद्धांत आपल्याच प्रयोगात टिकत नाही, हे पाहून बेक यांनी सिद्धांत बदलला. मनात झर्रकन येऊन जाणारे विचार पकडायचे, कागदावर मांडायचे, त्यांना पुरावा मागायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. 1977 मध्ये तिची त्या काळच्या प्रमाणित औषधाशी तुलना प्रसिद्ध झाली आणि ती त्यात टिकली. आज जिला सगळे ‘सीबीटी’ म्हणतात, तिचा हा एक मुख्य झरा.

दार कोर्टाने ठोठावलं

खोली बंद राहिली तर काय होतं, याचं एक उदाहरण सविस्तर पाहू. अमेरिकेत मेरिलँड राज्यात चेस्टनट लॉज नावाचं नामांकित खासगी इस्पितळ होतं. गंभीर मनोविकारांवरही केवळ मनोविश्लेषणाच्या वाटेने उपचार करण्याची त्याची ख्याती. फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांच्यासारख्या मोठ्या विदुषी तिथे होत्या. रुग्णांवरची त्यांची माया खरी होती. पण 1948 मध्ये त्यांनीच वापरलेला एक शब्द पुढे फार छळून गेला: स्किझोफ्रेनिया ‘निर्माण करणारी आई’. पुढची दोन-तीन दशकं हजारो आया मुलाच्या आजाराबरोबर हा कलंकही वाहत राहिल्या. त्याला भक्कम पुरावा कधीच नव्हता.

1979 च्या जानेवारीत या इस्पितळात राफाएल ओशेरॉफ नावाचे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ दाखल झाले. नैराश्य इतकं तीव्र, की ते तासन्‌तास येरझाऱ्या घालत. पाय सुजले, वजन उतरलं. सात महिने त्यांच्यावर फक्त बोलण्याचे उपचार झाले. औषध दिल्याने मूळ प्रश्न झाकला जाईल, अशी तिथली धारणा होती. अखेर घरच्यांनी त्यांना दुसऱ्या इस्पितळात हलवलं. तिथे औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत फरक दिसला आणि तीन महिन्यांत ते घरी गेले. तोवर व्यवसाय विसकटला होता, संसार विसकटला होता. त्यांनी 1982 मध्ये दावा लावला. 1987 मध्ये तडजोड झाली, त्यामुळे न्यायालयाचा निकाल असा आला नाही. पण 1990 मध्ये अमेरिकेच्या प्रमुख मनोविकार-मासिकात यावर मोठा वाद झडला: ज्या उपचाराची परिणामकारकता तपासलेलीच नाही, तोच देत राहण्याचा उपचारकाला अधिकार आहे का?

यावरून ‘औषध चांगलं, बोलणं वाईट’ असा धडा कोणी घेऊ नये. बऱ्याच लोकांना दोन्ही लागतं, काहींना एकच पुरतं. धडा एवढाच, की रुग्ण खंगत चाललेला दिसत असताना पद्धतीवरची निष्ठा त्या माणसापेक्षा मोठी झाली. हे कुठल्याही पद्धतीत होऊ शकतं.

मग जिंकलं कोण?

आयसेंक यांच्या प्रश्नाला भरभक्कम उत्तर दिलं मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी, 1977 मध्ये. त्यांनी 375 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून हिशेब मांडला. उपचार घेतलेला सरासरी माणूस हा उपचार न घेतलेल्या 75 टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळला. म्हणजे बोलण्याने खरोखर गुण येतो. दुसरा निष्कर्ष मात्र सगळ्याच पंथांना बोचणारा होता: पद्धतीपद्धतींमधला फरक अगदी थोडा निघाला. सॉल रोझेनत्सवाइग यांनी 1936 मध्येच अशी शंका बोलून दाखवली होती, की सगळ्या पद्धतींत काहीतरी समान असावं आणि गुण त्याचाच येत असावा. ते समान काय? विश्वासाचं नातं, आपल्या त्रासाचा पटेल असा अर्थ, बरं होऊ ही आशा, आणि काहीतरी करून पाहण्याची वाट.

अर्थात सगळं सारखंच, असंही नाही. विशिष्ट भीती किंवा मंत्रचळ असेल, तर ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरं जायला लावणारे उपचार नुसत्या गप्पांपेक्षा नक्कीच सरस ठरतात. नैराश्यात मात्र अनेक पद्धती जवळपास बरोबरीने चालतात.

याच्या पुढचं पाऊल नील जेकबसन यांनी 1996 मध्ये टाकलं. त्यांनी बेक यांच्या पद्धतीचे भाग सुटे केले. एका गटाला पूर्ण उपचार, दुसऱ्या गटाला त्यातला फक्त पहिला, साधा भाग. दिवस आखायचा, टाळलेली कामं लहान तुकड्यांत करायची, आनंद देणाऱ्या गोष्टी पुन्हा सुरू करायच्या, एवढंच. विचारांची झडती नाही. निकाल? दोन्ही गट सारखेच सुधारले. तात्त्विक वाद घालणाऱ्यांना हा धक्का होता. पण जगातल्या गरीब देशांच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी होती, कारण साधी गोष्ट शिकवता येते.

तंबूपासून आरोग्य केंद्रापर्यंत

शेवटची खिडकी आपल्या देशात उघडली. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू टाकून राहायला बोलावलं. पश्चिमेत काही ठिकाणी घरच्यांनाच आजाराचं मूळ ठरवलं जात होतं, त्याच काळात इथे घरच्यांना उपचारातला भागीदार केलं गेलं. शेजारच्या तंबूतला माणूस बरा होताना दिसला, की आशा सांगावी लागत नाही.

आणि मग गोवा. 1996 मध्ये तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न साधा होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने पुढे 2015-16 मध्ये 12 राज्यांत जे मोजलं, ते त्यांना रोज दिसत होतं: निरनिराळ्या मनोविकारांच्या रुग्णांपैकी 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञ मूठभर, तेही शहरात. मग तज्ज्ञांचं काम गावातल्या माणसांना शिकवता येईल का?

त्यांनी दिवस आखण्याची तीच साधी पद्धत घेतली, सहा ते आठ बैठकांची केली आणि मानसशास्त्राचं काहीही शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना शिकवली. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 495 रुग्णांवर चाचणी झाली. हे सौम्य उदासीचे रुग्ण नव्हते, बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते. तीन महिन्यांनी, नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. त्याच्या जोडीला समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ मासिकात हे छापून आलं. आणि या समुपदेशकांवर देखरेख कशी ठेवली? बैठकांच्या ध्वनिमुद्रिका एकत्र बसून ऐकायच्या आणि एकमेकांना गुण द्यायचे. रॉजर्स यांचं यंत्र 70 वर्षांनी गोव्याच्या आरोग्य केंद्रात पोचलं होतं.

यातही सावधगिरी हवी. याच गटाच्या 2010 मधल्या आधीच्या चाचणीत सरकारी केंद्रांत फायदा दिसला, पण खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत तसा ठळक दिसला नाही. आणि आत्महत्येचे विचार, भास, उन्माद असे प्रकार असतील तर तज्ज्ञांना पर्याय नाही. शेजारच्या काकू सगळं सांभाळतील, असा याचा अर्थ काढणं धोक्याचं आहे.

आपल्या घरापुरतं

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तीन दारं, जायचं कुठल्या? इतिहास सांगतो, की पाटीवर पद्धतीचं नाव काय आहे यापेक्षा आत गेल्यावर काही प्रश्न विचारता येतात का, हे बघावं. माझ्या त्रासाबद्दल तुमची समजूत काय आहे? तुम्ही नेमकं काय करणार आणि मी काय करायचं? फरक पडतोय हे आपण कशावरून आणि किती आठवड्यांनी ठरवायचं? नाही पडला तर पुढे काय, औषधांसाठी कोणाकडे पाठवाल? तुमचं शिक्षण काय? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. बेर्था पापेनहाइमला ते विचारता आले नाहीत, ओशेरॉफ यांना विचारायची ताकद उरली नव्हती. तुम्ही-आम्ही ते विचारू शकतो. आणि आजारी माणसाला ते बळ नसेल, तर बरोबर गेलेल्याने विचारावेत.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आम्ही खिडक्या उघडल्या म्हणतो, तेव्हा रुग्णाचं गुपित बाहेर यावं असं म्हणत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा आपल्याकडे रुग्णाचा हक्क ठरवला आहे. दार बंद असतं ते रुग्णाच्या सोयीसाठी. उपचारकाच्या चुका झाकण्यासाठी त्याचा उपयोग होऊ नये, एवढंच मागणं आहे.

शेवटी, ऐकणाऱ्यांपैकी कोणाला आत्ताच गरज असेल तर सांगून ठेवतो: ‘टेली मानस’ ही सरकारी मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर निःशुल्क चालते. फोन करायला आजाराचं नाव ठाऊक असावं लागत नाही. ‘मला बरं वाटत नाहीये’ एवढं वाक्य पुरतं. दीडशे वर्षांपूर्वी व्हिएन्नातल्या डॉक्टरला ते ऐकायला शिकावं लागलं. आपणही घरात ते ऐकायला शिकलो, तर निम्मं काम खोलीबाहेरच होईल.

इथे थांबतो. प्रश्नोत्तरांकडे वळू.